श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी रुग्णाला टेबलावर कसे निजवावे?

भूलशास्त्राच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात असलेल्या एका सहकाऱ्याने विचारले आहे की, डोक्याखाली उशी देऊन आणि हनुवटी वर करून लॅरिंगोस्कोपी (पाते तोंडात घालून स्वरयंत्र पाहणे) केली तरी त्यांना बऱ्याचदा एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या) पलीकडचे काही दिसत नाही. मग वरिष्ठ येतात, डोक्याखाली काहीतरी सारतात आणि त्यांना स्वरतंतू लगेच दिसतात. ते नेमके काय बदलतात? आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (पात्यावर कॅमेरा असलेला) हाताशी असताना या खटाटोपाला अजून तेवढे महत्त्व उरले आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वरिष्ठ बहुधा डोके आणखी मागे वळवत नाहीत. ते डोके वर उचलतात, आणि रुग्ण स्थूल असेल तर डोक्याबरोबर खांदे आणि पाठीचा वरचा भागही उचलतात. नवशिक्या हाताची ओढ नेमकी याच्या उलट असते. स्वरतंतू दिसले नाहीत की आपण कपाळ खाली दाबून डोके जास्त मागे वळवतो, दिसणे आणखी बिघडते, मग आपण लॅरिंगोस्कोप जोराने उचलतो आणि वरच्या दातांवर भार येतो. ही चूक मी पुष्कळ वर्षे केली आहे आणि शिकवताना आजही रोज पाहतो, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहीत आहे.

टेबलाच्या डोक्याकडच्या टोकाला उभे राहून रुग्णाची स्थिती जोखताच येत नाही. तिथून कपाळ, नाक आणि हनुवटी दिसते. छातीच्या मानाने डोके किती खाली आहे हे मात्र दिसत नाही. त्यासाठी दोन पावले बाजूला सरकावे, थोडे वाकून डोळे रुग्णाच्या खांद्याच्या पातळीला आणावेत आणि दोन खुणा पाहाव्यात: कानाचे छिद्र, आणि गळ्याच्या तळाशी छातीच्या हाडाच्या वरच्या कडेला बोटाला लागणारी खळी. या दोन खुणांमधून काढलेली काल्पनिक रेषा जमिनीला समांतर असली पाहिजे, आणि चेहऱ्याची पातळी साधारणपणे छताला समांतर असली पाहिजे. कान खळीच्या खाली असेल तर डोके उचलणे बाकी आहे. कान पातळीला आला, पण हनुवटी छातीकडे झुकली असेल, तर मान पुढे आली आहे आणि डोके मागे वळायचे राहिले आहे. ही पाहणी दहा सेकंदांत होते आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. माझ्या अनुभवात ‘अवघड’ म्हणून हाक आलेल्या लॅरिंगोस्कोपींपैकी पुष्कळ या एका पाहणीने सोप्या झाल्या आहेत.

या स्थितीला आपण ‘स्निफिंग पोझिशन’ म्हणतो. आयव्हन मॅगिल यांनी १९३६ मध्ये सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसाची उपमा दिली, तेव्हापासून हे नाव चालत आले आहे. त्यात दोन वेगवेगळ्या हालचाली आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. मानेचा खालचा भाग छातीवर पुढे झुकतो, आणि कवटी व पहिला मणका यांच्या सांध्यात डोके मागे वळते. हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही स्थिती मोजली तेव्हा मानेचा झुकाव सुमारे ३५ अंश आणि चेहऱ्याच्या पातळीचा मागे कल सुमारे १५ अंश आला. पहिली हालचाल उशी करते, दुसरी आपला हात करतो. उशी काढून नुसते डोके मागे वळवले तर दुसरीच हालचाल होते. उशा वाढवून हनुवटी तशीच राहू दिली तर पहिलीच होते.

ही स्थिती का उपयोगी पडते याचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण बॅनिस्टर आणि मॅकबेथ यांनी १९४४ मध्ये मांडले: तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांचे तीन अक्ष या स्थितीत एका रेषेत येतात. परीक्षेत हे लिहावे लागते, तेव्हा ते माहीत असावे. पण ते शब्दशः खरे नाही हेही माहीत असावे. आद्ने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आठ निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढले, तेव्हा कोणत्याच स्थितीत हे तीन अक्ष एका रेषेत आले नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात ४५६ रुग्णांमध्ये उशीसह स्निफिंग पोझिशन आणि नुसते डोके मागे वळवणे यांची तुलना होती. सर्व रुग्ण एकत्र धरले तर लक्षणीय फरक आढळला नाही. स्थूल रुग्णांमध्ये आणि ज्यांची मान कमी वळते अशांमध्ये मात्र स्निफिंग पोझिशनचा फायदा दिसला. या निष्कर्षाचा आधार घेऊन काही जण ‘उशीची गरजच नाही’ असे म्हणतात. मला तो अर्थ पटत नाही. सोप्या रुग्णात कोणतीही स्थिती चालते. स्थितीची परीक्षा अवघड रुग्णात होते, आणि तिथे ती उतरते.

अक्षांची गोष्ट बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. लॅरिंगोस्कोपचे पाते जीभ आणि खालचा जबडा पुढे सारून दृष्टीसाठी वाट मोकळी करते. डोके नुसते मागे वळवले की मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू आणि ऊती ताणल्या जातात. त्वचेवर हात ठेवला तर तो ताण बोटांना जाणवतो. ताणलेल्या ऊतींमध्ये जीभ सरकवायला जागा मिळत नाही आणि जबडाही सहज पुढे येत नाही. डोके उचलून मान पुढे आणली की तो ताण सैल पडतो, हनुवटीखालची जागा मोकळी होते, आणि तेच पाते कमी जोराने जास्त काम करते. ही गोष्ट स्वतःवर करून पाहता येते. उताणे झोपून, उशी न घेता डोके पूर्ण मागे वळवा आणि खालचा जबडा पुढे काढायचा प्रयत्न करा. नंतर डोक्याखाली जाड पुस्तक ठेवून तेच पुन्हा करा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

साधारण बांध्याच्या प्रौढ रुग्णाला सात ते नऊ सेंटिमीटर उंचीची, न दबणारी उशी पुरते. ‘न दबणारी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मऊ उशी टेबलावर ठेवताना दहा सेंटिमीटर दिसते आणि डोक्याचा भार पडला की तीन उरते, म्हणून उशीची उंची डोके ठेवल्यानंतर पाहावी. जेलची कडी डोके इकडेतिकडे घसरू देत नाही, पण ती बसकी असते. तिच्याखाली चादरीची घट्ट घडी लागते. उशी डोक्याखाली असावी, खांद्यांखाली सरकलेली नसावी. रुग्णाला टेबलावर वर सरकवताना हे नेहमी घडते. खांद्यांखाली उशी गेली की डोके मागे लोंबते आणि आपल्याला हवे त्याच्या नेमके उलटे होते. केसांचा अंबाडा किंवा मोठी क्लिप मानेच्या मागे असेल तर डोके मागे वळत नाही, तेव्हा केस आधीच मोकळे करून बाजूला घ्यावेत.

आता स्थूल रुग्णाकडे येतो, कारण स्थितीचे खरे महत्त्व मला तिथे कळले. प्रशिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. सुमारे १३० किलो वजनाचे एक गृहस्थ पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. मी त्यांच्या डोक्याखाली एकावर एक दोन उशा ठेवल्या आणि डोके उंच केले, म्हणून निश्चिंत झालो. भूल दिल्यावर तोंड उघडले तेव्हा लॅरिंगोस्कोपची मूठ छातीवर अडली. हनुवटी आणि छाती यांमध्ये जेमतेम तीन बोटांचे अंतर होते. मी पाते आडवे करून कसेबसे आत घातले, एपिग्लॉटिसचे टोक दिसले, आणि तोवर रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा सूर उतरू लागला, म्हणजे प्राणवायू घटू लागला. मास्कनेही हवा नीट जाईना. दोन सहकाऱ्यांनी मिळून खांदे उचलले, तिसऱ्याने पाठीखाली चादरी कोंबल्या, मग मास्क बसला, आणि पुढच्या प्रयत्नात स्वरतंतू समोर दिसले. रुग्णाला इजा झाली नाही, पण त्या दीड-दोन मिनिटांत मला जे करावे लागले ते सगळे भूल देण्यापूर्वी, रुग्ण स्वतः मदत करत असताना, शांतपणे करता आले असते. मी डोके उंच केले होते. छाती जिथल्या तिथे राहिली होती. दोन उशांनी फक्त मान पुढे दुमडली.

स्थूल माणसाच्या पाठीवर आणि मानेच्या मुळाशी चरबीचा जाड थर असतो. त्यामुळे धड वर राहते आणि डोके मागे खाली जाते. म्हणून उंची डोक्याला एकट्याला न देता पाठीच्या मध्यापासून चढत गेली पाहिजे. यालाच आपण रॅम्प म्हणतो. कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अतिस्थूल अशा ६० रुग्णांमध्ये साधी स्निफिंग पोझिशन आणि रॅम्प यांची तुलना केली, तेव्हा रॅम्पमध्ये स्वरयंत्र लक्षणीयरीत्या चांगले दिसले. रॅम्प योग्य झाला की नाही हे ठरवण्याची खूण तीच, कान आणि छातीची खळी एका पातळीत. किती चादरी लागल्या हे महत्त्वाचे नाही. कोणाला चार लागतात, कोणाला नऊ.

रॅम्प करताना पहिली घडी खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकापासून सुरू करावी, दुसरी तिच्यावर थोडी वरच्या बाजूला सरकवून ठेवावी, आणि शेवटी डोक्याखाली उशी किंवा घडी स्वतंत्र ठेवावी. उतार जिन्यासारखा सलग चढला पाहिजे. मध्ये खड्डा राहिला तर मान त्यात बुडते. टेबलाचा पाठीचा भाग २० ते २५ अंश उचलूनही हे साधता येते आणि त्यात कष्ट कमी आहेत. पण रुग्णाचे नितंब टेबलाच्या सांध्यावर बसलेले असावेत, कारण रुग्ण खाली घसरलेला असेल तर टेबल पाठीऐवजी मानेशी वाकते. पाठ उचलल्यावरही डोक्याखाली वेगळी घडी लागते का हे बाजूने पाहूनच ठरवावे. पाय घसरू नयेत म्हणून पट्टा बांधावा. आणि एक गोष्ट सहज विसरली जाते: खांदे उचलले की हात ठेवायच्या फळ्या खाली राहतात, हात मागे लोंबतात आणि बगलेतल्या नसांवर ताण येतो. फळ्यांवर घड्या ठेवून हात खांद्यांच्या पातळीला आणावेत, आणि ते धडापासून ९० अंशांहून कमीच दूर असावेत.

हे सगळे रुग्ण जागा असताना करावे. जागा रुग्ण कोपरांवर जोर देऊन स्वतः उठतो, आपण चादरी सरकवतो, आणि मग त्याला विचारता येते की मानेला रग लागते का, श्वास बरा वाटतो का. अतिस्थूल रुग्ण उताणे निजले की दम लागतो म्हणून गप्प राहतात, आणि रॅम्पवर टेकल्यावर पुष्कळदा एक मोठा श्वास सोडून ‘आता बरे वाटते’ असे म्हणतात. त्या वाक्याला मी मॉनिटरवरच्या आकड्याइतकेच वजन देतो.

कारण या स्थितीचा फायदा दिसण्यापुरता नाही. साधा उच्छ्वास संपल्यावर फुप्फुसांत जी हवा उरते, तोच भूल दिल्यानंतरचा आपला प्राणवायूचा साठा असतो. उभ्या माणसाच्या मानाने उताणे निजल्यावर हा साठा साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटरने घटतो, आणि भूल दिल्यावर आणखी ४०० ते ५०० मिलिलिटरने. प्रौढ माणूस विश्रांतीतही मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. उरलेल्या साठ्याला या आकड्याने भागले की आपल्या हाती किती वेळ आहे ते कळते. स्थूल रुग्णात पोट श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) वर ढकलत असल्यामुळे साठा मुळातच तोकडा असतो. डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अतिस्थूल रुग्णांना २५ अंश डोके वर ठेवून प्राणवायू दिला, तेव्हा श्वास थांबल्यावर रक्तातल्या प्राणवायूची संपृक्तता ९२ टक्क्यांपर्यंत उतरायला सरासरी २०१ सेकंद लागले. सपाट निजवलेल्यांना १५५ सेकंद. ४६ सेकंदांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. दुसऱ्या प्रयत्नासाठी पाते बदलून पुन्हा तोंडात घालायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून मास्क घट्ट बसवून तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू द्यायचा, बाहेर येणाऱ्या हवेत त्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत थांबायचे, आणि हे सर्व डोके वर असतानाच करायचे. स्थूल नसलेल्या रुग्णातही मी आता २० अंशांचा चढ सहसा देतोच. त्याने काही बिघडत नाही.

पण याच ठिकाणी एक सावधगिरीची नोंद करतो. अतिदक्षता विभागातल्या २६० गंभीर रुग्णांवरचा सेम्लर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात पलंगाचे डोके उचलून केलेल्या रॅम्पचा प्राणवायूच्या पातळीला फायदा झाला नाही, उलट स्वरयंत्र कमी चांगले दिसले आणि नळी घालणे अधिक अवघड गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, ५२८ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियागृहाबाहेर तातडीने नळी घालताना पाठ आणि डोके उचललेले असेल तर गुंतागुंत कमी आढळली होती, ९.३ टक्के विरुद्ध २२.६ टक्के. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात. माझे मत असे की पलंगाची पाठ उचलणे म्हणजे आपोआप योग्य स्थिती नव्हे. पलंगाची गादी मऊ असते, रुग्ण घसरतो, डोके कधी मागे लोंबते तर कधी पुढे मोडते, आणि नळी घालणाऱ्याचे डोळे रुग्णाच्या तोंडाच्या मानाने चुकीच्या उंचीवर येतात. कोन किती अंशांचा आहे यावर विसंबू नये. कान कुठे आहे ते पाहावे.

टेबलाच्या उंचीचेही तसेच आहे. रुग्णाचा चेहरा आपल्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी किंवा त्याहून थोडा वर यावा. रॅम्प केला की चेहरा वर जातो, म्हणून टेबल पुन्हा खाली घ्यावे लागते; ते पुरेसे खाली जात नसेल तर पायाखाली पाट घ्यावा आणि तो भूल देण्यापूर्वीच घ्यावा. रुग्णाचे डोके टेबलाच्या वरच्या कडेला आलेले असावे. एक वीत खाली असले तरी आपण ओणवे होतो, कोपर शरीरापासून दूर जाते, आणि उचलण्याऐवजी आपण दातांवर टेकून पाते फिरवू लागतो.

इतके करूनही दिसले नाही, तर तोच प्रयत्न तसाच पुन्हा करू नये. उजवा हात मोकळा असतो. तो डोक्याखाली घालून डोके आणखी दोन-तीन सेंटिमीटर उचलून पाहावे, किंवा सहकाऱ्याला तसे करायला सांगावे. नंतर तोच हात स्वरयंत्रावर ठेवून ते मागे, वर आणि थोडे उजवीकडे दाबावे. चांगले दिसले की सहकाऱ्याचा हात तिथे ठेवून आपला काढून घ्यावा. नुसते एपिग्लॉटिस दिसत असेल तर बुजी (आधी आत सरकवून जिच्यावरून नळी घालतात ती लवचिक सळी) वापरावी. लॅरिंगोस्कोपीचे प्रयत्न तीनपुरते मर्यादित ठेवावेत, आणि चौथा केवळ अधिक अनुभवी व्यक्तीनेच करावा, हा ब्रिटिश डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शनातला नियम मला पटतो, कारण प्रत्येक प्रयत्नागणिक सूज आणि रक्त वाढते आणि मास्कने हवा देणेही कठीण होत जाते.

काही रुग्णांमध्ये हा सगळा विचार थोडा वेगळा लावावा लागतो. तान्ह्या बाळाचे डोके धडाच्या मानाने मोठे आणि मागून फुगीर असते. सपाट टेबलावर ठेवल्यावर ते आपोआपच पुढे झुकते, म्हणून त्याला उशी देऊ नये. उलट खांद्यांखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी देऊन धड उचलावे. प्रौढात डोके उचलायचे आणि बाळात खांदे, हे पहिल्यांदा ऐकताना उफराटे वाटते, पण बाजूने पाहिले तर दोन्हीकडे कान आणि खळी एकाच पातळीत आणायची असते. गुंडाळी फार जाड झाली की डोके मागे लोंबते आणि मऊ श्वासनलिका ताणली जाते, तेव्हा ती पातळच असावी. मूल मोठे होईल तशी गुंडाळी नको होते आणि पुढे पातळ उशी लागू लागते. वयाचा आकडा पाठ करण्यापेक्षा त्या मुलाकडे पाहून ठरवावे.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत एकाच वेळी दोन कल सांभाळायचे असतात. वीस आठवड्यांनंतर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडू नये म्हणून उजव्या कुल्ल्याखाली पाचर देऊन किंवा टेबल कलवून १५ अंश डावीकडे कल द्यावा, आणि त्याच वेळी २० ते ३० अंश डोके वर असावे. भरलेल्या स्तनांवर लॅरिंगोस्कोपची मूठ अडते. रॅम्पने ती अडचण बरीच कमी होते, तरी आखूड मुठीचा लॅरिंगोस्कोप हाताशी ठेवावा. कल दिल्यावर डोके एका बाजूला वळले नाही ना, हे पुन्हा पाहावे.

मानेला इजा झाल्याची शंका असेल तिथे स्निफिंग पोझिशनचा विचार सोडून द्यावा. सहकाऱ्याने दोन्ही हातांनी डोके आणि मान जशी आहे तशी धरून ठेवावी, कॉलरचा पुढचा भाग काढावा म्हणजे तोंड उघडता येते, आणि दिसणे कमी होणार हे गृहीत धरून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप किंवा बुजी आधीच तयार ठेवावी. डोके वर हवे असेल तर पाठ न वाकवता अख्खे टेबल पायांकडे उतरते करावे. संधिवाताने मानेचे वरचे मणके सैल झालेल्या रुग्णात मान पुढे झुकवणेच धोक्याचे असते. अशा रुग्णाला आदल्या दिवशीच मान हलवायला सांगावे, हातांना मुंग्या येतात का ते विचारावे, आणि जागेपणी तो ज्या स्थितीत आरामात राहतो तिच्यापलीकडे भुलेत त्याची मान नेऊ नये. कण्याच्या आजाराने मान कायमची वाकलेली असेल तर डोके आणि टेबल यांमधली पोकळी घड्यांनी भरून काढावी, डोके खाली दाबून टेबलाला टेकवायचा प्रयत्न कधीही करू नये. अशा रुग्णात जागेपणी, बसलेल्या स्थितीत फायबरऑप्टिकने (लवचिक दुर्बिणीने) नळी घालण्याची तयारी असावी.

पोट भरलेले असेल तर डोके वर ठेवल्याने जठरातले द्रव आपसूक वर येण्याची शक्यता कमी होते, पण तरीही आले तर डोके लगेच खाली करून सक्शन द्यावे लागते. टेबलाचा रिमोट कुठे आहे आणि डोके खाली नेणारे बटण कोणते, हे भूल देण्यापूर्वी हातात घेऊन पाहावे. उलटी घशात दिसल्यावर ते शोधायचे नसते. रक्तदाबाचेही भान हवे. डोके वर असताना प्रोपोफॉल हे भुलेचे औषध दिले की रक्त पायांकडे राहते आणि दाब अपेक्षेपेक्षा जास्त पडतो. वृद्ध, निर्जलित किंवा रक्तस्राव झालेल्या रुग्णात मात्रा कमी आणि सावकाश द्यावी, रक्तदाब वाढवणारे औषध सिरिंजमध्ये भरलेले असावे, आणि दाब फारच नाजूक असेल तर कमी चढावर समाधान मानावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जास्त वळणाच्या पात्याचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप कोपऱ्यापलीकडचे दाखवतो, म्हणून त्याला स्निफिंग पोझिशनची तितकी गरज नसते. मान सरळ असली तरी तो चालतो. साध्या, कमी वळणाच्या मॅकिंटॉश आकाराच्या पात्यावर कॅमेरा असेल तर मात्र स्थिती नेहमीसारखीच लागते. शिवाय पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसणे आणि नळी त्यांच्यातून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. कॅमेरा प्राणवायूचा साठा वाढवत नाही, मास्कने हवा देणे सोपे करत नाही आणि छातीवर अडणारी मूठही हलवत नाही. उपकरण बिघडले, भिंगावर रक्त आले किंवा वाफ धरली, तर आपण पुन्हा साध्या पात्याकडेच वळतो, आणि त्या क्षणी रुग्ण सपाट निजलेला असेल तर आधी टाळलेले सगळे काम घाईत करावे लागते. म्हणून उपकरण कोणतेही असो, मी रुग्णाला तसेच निजवतो.

नळी बसल्यावर ती बांधण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मान पुढे झुकली की नळीचे टोक खाली उतरते, मागे वळली की वर येते; प्रौढात ही सरक प्रत्येक दिशेने सरासरी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. आपण नळी एका स्थितीत बसवतो आणि शल्यचिकित्सकाला मान वेगळ्या स्थितीत हवी असते. म्हणून रॅम्प काढल्यावर, उशी बदलल्यावर किंवा डोके एका बाजूला वळवल्यावर दोन्ही बाजूंचे श्वासध्वनी पुन्हा ऐकावेत आणि नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा दाताशी पुन्हा पाहावा. रॅम्प काढताना एकाने डोके आणि नळी धरावी आणि बाकीच्यांनी त्याच्या सांगण्यावरून चादरी ओढाव्यात.

काढलेल्या चादरी टेबलाखालीच ठेवायला सांगतो. शस्त्रक्रिया संपताना, नळी काढण्यापूर्वी, त्याच क्रमाने त्या पुन्हा पाठीखाली जातात आणि मी पुन्हा बाजूला जाऊन कान आणि खळी पाहतो. भूल उतरत असलेल्या स्थूल रुग्णाला श्वास घेण्यासाठी हीच स्थिती लागते, आणि नळी काढल्यावर ती परत घालावी लागलीच तर त्या वेळी चादरी शोधत फिरायला वेळ नसतो.